बेतणे आणि शिवणे : घरगुती शिवणीच्या इतिहासातील एक प्रकरण

‘बेत’ हा शब्द आपण मराठी माणसे दिवसातून दहादा उच्चारतो. जेवणाचा बेत, प्रवासाचा बेत, लग्नाचा बेत. या शब्दाचे सख्खे भावंड म्हणजे ‘बेतणे’ हे क्रियापद, आणि ते मात्र शिंप्याच्या दुकानातले आहे. कापड अंगाच्या मापाशी जुळवून, कोठे किती कातरावे हे आधी ठरवून कापणे म्हणजे बेतणे. ‘जिवावर बेतणे’ हा वाक्प्रचार याच क्रियापदाचा. शिवण्याचे काम त्यानंतरचे. बेतताना चुकले तर कापड वाया गेले. शिवताना चुकले तर टाके उसवून पुन्हा घालता येतात. या दोन क्रियांमधील अंतर लक्षात घेतल्यावाचून आपल्याकडील घरगुती शिवणीचा इतिहास नीट उलगडत नाही, असे मला वाटते. शिवणे हे काम घराघरातून फार जुन्या काळापासून चालत आलेले आहे. बेतणे हे घरातील स्त्रीच्या हाती, सर्वसाधारणपणे बोलायचे तर, गेल्या दीडशे वर्षांतच आले. आणि ते मुलींच्या शाळेच्या दाराने आले.

शिवणकाम मुसलमानी राजवटीबरोबर या देशात आले, तोपर्यंत आपले पूर्वज केवळ नेसत व पांघरत होते, असा एक समज पूर्वी पुष्कळ प्रचलित होता. तो टिकण्यासारखा नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका या देवतेने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे अशी प्रार्थना आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत दासींच्या व सेवकांच्या अंगावर बाह्यांची शिवलेली वस्त्रे स्पष्ट दिसतात. डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1951 साली भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात या प्रश्नाचा विस्ताराने विचार झालेला असल्यामुळे येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही. एवढे मात्र खरे की, न शिवलेले वस्त्र शुद्ध मानण्याची रूढी आपल्या घरांत दीर्घकाळ टिकली. सोवळ्याला सुई लागत नाही. त्यामुळे सुईचे स्थान देवघरापासून दूर, माजघरात किंवा ओसरीवर राहिले.

माजघरातल्या या सुईचे मुख्य काम कोणते? गोधडी. देशावर हिला वाकळही म्हणतात, आणि वाकळ हा शब्द ‘वल्कल’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. वनवासी ऋषींच्या वस्त्राचे नाव गोरगरिबांच्या पांघरुणास मिळाले, ही गंमतच म्हणावयाची. गुजरातेत ती गोदडी, माळव्यात व ग्वाल्हेरीकडे गुदडी, तेलुगूत बोंत आणि आमच्या सीमाभागातील कानडी शेजाऱ्यांच्या घरी कौदी. बंगालची कांथा हीही याच कुळातली. एकाच वस्तूला एवढी नावे असणे हे तिच्या सर्वत्र प्रसाराचे लक्षण होय.

गोधडीची रीत पाहिली म्हणजे माझ्या म्हणण्याचा अर्थ ध्यानात येईल. धुऊन धुऊन मऊ झालेले नऊवारी लुगडे जमिनीवर पसरावयाचे. त्यावर जुनी धोतरे, फाटक्या चोळ्या, पोराबाळांचे आखूड झालेले कपडे, जे असेल ते थर लावून घालावयाचे. जेथे विरळ दिसेल तेथे आणखी एक तुकडा ठेवावयाचा. वरून दुसरे लुगडे पांघरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे जड काही ठेवले की कापड हलत नाही. मग दाभणात जाड दोरा ओवून कडेने धावदोरा घालीत यावयाचे, आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे सरकावयाचे. उन्हाळ्यात, पावसाची चाहूल लागण्यापूर्वी, शेजारच्या दोघीतिघी मिळून हे काम चाले. घटस्थापनेच्या आधी साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवावयाच्या, हा त्यानंतरचा विधी.

या संपूर्ण कृतीत कातर कोठेही लागत नाही. माप घ्यावे लागत नाही. बेत करावा लागत नाही. जे हाताशी असेल तेच बेताचे काम करते. टाकाही एकच, सर्वांत सोपा, ज्याला आपण धावदोरा म्हणतो. आणि म्हणूनच सात-आठ वर्षांच्या मुलीला शिवण शिकविण्यास याहून चांगले साधन नव्हते. कडा म्हणजे झिजण्याची जागा. तेथे जाणत्या बाईचा हात असावा. आतल्या भागात पोरीला बसवून दिले तर तिचे टाके लांब पडोत, वाकडे पडोत, गोधडीचे काही बिघडत नाही. थर एकमेकांस धरून राहिले म्हणजे झाले. शेकडो टाके घालता घालता हात आपोआप सरळ होतो. शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्याला कृतीतून शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे मला सांगता येणार नाही. फरक एवढाच की, येथे चुकीची वही तपासली जात नसे. ती अंगावर पांघरून माणसे झोपत.

गोधडीनंतरच्या पायऱ्याही अशाच होत्या. बाळंतविड्यातील दुपटे म्हणजे मऊ कापडाचा चौकोन, कडा दुमडून शिवलेला. कुंची त्याहून थोडी कठीण; पण तिचेही मर्म चौकोनातच आहे. एक लांबट तुकडा मधोमध दुमडून मागची बाजू शिवली की डोके झाले. त्याच्या खालच्या कडेस चुण्या घालून दुसरा मोठा तुकडा जोडला की पाठ झाली. बटवा, चंची, उशीचा अभ्रा ही सारी चौकोनांचीच अपत्ये. (अभ्रा म्हणजे फारसीत कापडाची बाहेरची बाजू, आणि अस्तर म्हणजे आतली. मराठीने दोन्ही शब्द घेतले. पण अभ्र्याला उशीवर बसविले आणि अस्तराला कोटात पाठविले.) गोल गळा, बाहीची कळी, बगलेतील तिरपा काप यांसारखे जे कातरीवाचून होत नाही ते शिंप्याकडे जाई. जात्यावरच्या ओव्यांत चोळी शिवणारा शिंपी वारंवार येतो तो यामुळेच. खणाची चोळी घरी शिवणाऱ्या कुशल स्त्रिया होत्याच, हे मान्य. परंतु त्या गल्लीत एखादी असत, आणि त्यांच्याकडे कापड घेऊन इतरजणी जात.

धारवाड-बेळगावकडची कशिद्याची परंपरा, जिला कानडीत कसुती म्हणतात, तीही हेच सांगते. इरकली लुगड्याच्या पदरावर व खणावर गोपुर, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन उठविणाऱ्या या कामात आधी आकृती काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालावयाचा. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी असे तिचे चार टाके. त्यांपैकी पहिले दोन दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, आणि गाठ कोठेही दिसू द्यावयाची नाही असा दंडक. गणित येथे पुरेपूर आहे. पण ते मोजण्याचे गणित आहे, कापण्याचे नव्हे.

कातर, माप आणि बेत यांची त्रयी ज्यांनी स्त्रियांच्या हाती दिली त्यांचा हेतू काही फार क्रांतिकारक नव्हता. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार 1827 साली मुंबईस आल्या, स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन 1829 साली. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असे. मुलगी शाळेत जाऊन बिघडते असे म्हणणाऱ्या घरास, ती निदान शिवणे तरी शिकून येईल, हे उत्तर देता येत असे. पुढे सरकारनेही हीच वाट धरली. 1882 साली नेमलेल्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांच्यापेक्षा सोपा असावा आणि तो गृहजीवनाच्या गरजा पाहून आखावा, अशी शिफारस केली. 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा तेथे इंग्रजी व उच्च विषय कशाला, गृहोपयोगी शिक्षण द्यावे, असा वाद टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने उपस्थित केला. त्या वादात न्या. रानडे यांची बाजू बरोबर होती, याविषयी आज दुमत होण्याचे कारण नाही. शिवण हा विषय पुष्कळांच्या मनात विद्येच्या जागी ठेवलेला एक स्वस्त मोबदला होता. मुलींना भूमिती द्यावयाची नाही म्हणून सुई द्यावयाची.

मौज अशी की, शाळेतल्या शिवणीच्या तासात भूमिती मागच्या दाराने शिरली. शाळेच्या शिवणीचा आरंभ गोधडीसारखा होत नाही. तेथे मुलीच्या हाती कापडाचा एक लहान तुकडा देतात आणि त्यावर ओळीने धावदोरा, उलटी टीप, हेमिंग, साखळी टाका, काजाचा टाका असे नमुने घालावयास सांगतात. प्रत्येक ओळीला गुण. या नमुन्याच्या कापडाचा पुढे काहीही उपयोग नसतो, आणि मला स्वतःला ही पद्धत नेहमीच थोडी कोरडी वाटत आली आहे. परंतु त्यानंतरचा धडा महत्त्वाचा. टेप घेऊन छाती, खांदा, बाही यांची मापे घ्यावयाची. कागदावर त्यांची आकृती काढावयाची. कागद कापून मग कापडावर ठेवावयाचा. चौथा भाग, सहावा भाग, वक्ररेषा, तिरका छेद यांवाचून साधे झबलेही कागदावर उतरत नाही. जे ज्ञान शिंप्याच्या घरी बापाकडून मुलाकडे जात होते, ते अशा रीतीने फळ्यावर आले, आणि फळ्यावर आलेले ज्ञान कोणाच्याही मालकीचे राहत नाही.

याचा खरा लाभ ओळखला तो विधवांसाठी व निराधार स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी. 1909 साली रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या प्रयत्नांनी पुणे सेवासदन उभे राहिले. तेथील शिवणाचे वर्ग गृहशोभेसाठी नव्हते. शिकणाऱ्या स्त्रीला चार पैसे मिळावेत हा त्यांचा उद्देश होता. बडोद्यास 1914 साली निघालेल्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयाची दिशाही तीच. ज्या सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या राजधानीत हे घडावे हे स्वाभाविकच होते. ठिगळ लावणे येत असेल तर स्वतःचे घर सावरता येते. पोलके बेतता येत असेल तर दुसऱ्याचे शिवून पोट भरता येते. एका विधवेच्या दृष्टीने या दोहोंत आश्रित असणे आणि नसणे एवढे अंतर होते.

शिवणयंत्राने हे अंतर आणखी वाढविले. सिंगरचे पेटंट 1851 सालचे. ते यंत्र आपल्याकडे आधी शिंप्यांच्या दुकानांत बसले आणि मग हळूहळू घरांत आले. यंत्रयुगावर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे 1930 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे काढली, आणि त्यानंतर मध्यम वर्गाच्या घरात खिडकीखाली पायमशीन दिसू लागले. ‘टीप मारणे’ हा हाताच्या शिवणीतला शब्द यंत्राने सहज उचलला.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर गोव्याचे ऋण सांगितले पाहिजे. आपली जुनी बाराबंदी बंदांनी बांधली जाई. नावच तसे आहे. बटण आले तेव्हा त्यासाठी कापडाला भोक पाडून त्याच्या कडा शिवण्याची गरज निर्माण झाली, आणि त्या भोकाला मराठीने ‘काज’ म्हटले. हा पोर्तुगीज ‘कासा’, म्हणजे घर. बटणाचे घर! कार्य या शब्दापासून आलेल्या ‘काज’शी त्याचा काही संबंध नाही. ‘फीत’ हीसुद्धा पोर्तुगीजच. अंगुस्तान फारसी, कशिदा फारसी. पण सुई, दोरा, टाका, शिवण, ठिगळ, कातर हे मूळचे शब्द जागचे हलले नाहीत. परके शब्द बहुधा सजावटीचे व बेताचे आहेत. जोडण्याचे शब्द घरचे आहेत.

शाळेने बेतणे दिले, त्याबद्दल तिचे श्रेय मोठे. गोधडीला मात्र तिने वर्गात घेतले नाही. जिला माप नाही, आकृती नाही, गुण देण्याजोगी ओळ नाही, तिचा अभ्यासक्रम करावा तरी कसा? ज्या मुलीने घरी आजीजवळ बसून हजार टाके घातले होते, तीही शिवणीच्या वहीत नवशिकी म्हणूनच लिहिली गेली. त्यामुळे वाकळ हा शब्द आपल्या मुलांना कवितेतून कळतो, वस्तूतून कळत नाही, अशी अवस्था आली.

जेथे शाळा उशिरा पोहोचली तेथे ही जुनी विद्या अधिक ताजी राहिली. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या तालुक्यांच्या जंगलपट्टीत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतील अनेकजण पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाट चढून आले. त्यांच्या स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. रीत आपलीच, कडेपासून मध्याकडे जाणारा धावदोरा. रंगांची मांडणी मात्र अशी की, अमेरिकेतील प्रदर्शनांतून त्या आज कलावस्तू म्हणून मांडल्या गेल्या आहेत. कवंदी पुरी झाली की चारी कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांच्या लहान घड्या एकावर एक शिवतात. त्यांना त्या स्त्रिया ‘फूल’ म्हणतात, आणि फुले लावली नाहीत तर कवंदी उघडी राहिली असे मानतात.