सुहैलीचा हिशेब

शिडाची बोट घ्यायची, नोकरीला रामराम ठोकायचा आणि समुद्रावर निघून जायचं, हे स्वप्न आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बऱ्याच जणांना पडतं. चाळिशीच्या आत निवृत्त होण्यासाठी लोक एक्सेलमध्ये तक्ते मांडतात. त्यात कुठेतरी तळाशी 'बोट' अशी ओळ असते आणि तिच्यासमोर एकच आकडा असतो. माझ्याही तक्त्यात ती आहे. त्या आकड्याच्या मागे लागून मी जुन्या सफरींचा इतिहास वाचू लागलो आणि पाहता पाहता मुंबईच्या कुलाब्यात येऊन पोचलो. ही गोष्ट तिथल्या एका बोटीची आहे.

आधी थोडं त्या आकड्याविषयी. बोट बाळगणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्यावर खर्च होणार, बोट जुनी असेल तर त्याहून जास्त. ठरावीक काळाने ती पाण्याबाहेर काढायची, बुडाला चिकटलेले शिंपले-शेवाळ खरवडायचं आणि पुन्हा विषारी रंग लावायचा. खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजू लागतो. तो पंख्याचा किंवा सुकाणूचा नसावा म्हणून जस्ताचे गोळे मुद्दाम बळी द्यायला लावतात, तेही बदलत राहायचे. शिडं उन्हाने कुजतात. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा वरून धडधाकट दिसतात आणि आतून तुटत जातात. शिवाय बंदराचं भाडं आहे, विमा आहे. बोट वापरली नाही म्हणून यातलं काही टळत नाही. हा झाला पैशांचा खर्च. पण काही बाबी पैशांत मांडताच येत नाहीत, आणि त्यांची नोंद पहिल्यापासूनच नीट होत आलेली नाही.

एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. आगबोटी आल्या आणि शिडाच्या जहाजांचे कप्तान बेकार झाले, त्यांच्यातलाच हा एक. अमेरिकेतल्या फेअरहेवन गावी एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक बोट देऊ केली. थोडी डागडुजी लागेल, एवढंच सांगितलं. प्रत्यक्षात 'स्प्रे' एका शेतात टेकू देऊन ठेवलेला सांगाडा होता. स्लोकमने जवळचं ओकचं झाड पाडून नवी कील घातली आणि एकेक फळी बदलत बोट नव्याने उभी केली. साहित्याचा खर्च त्याने सेंटपर्यंत लिहून ठेवला आहे: ५५३ डॉलर ६२ सेंट. शिवाय स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत. या मेहनतीसमोर त्याने आकडा घातलेला नाही. जहाजावर वाढलेल्या माणसाची तेरा महिन्यांची मजुरी धरायची झाली, तर 'स्प्रे' स्वस्त होती असं म्हणता येणार नाही. आणि ती मजुरी वाया गेली नाही. १८९५ ते १८९८ या तीन वर्षांत त्या बोटीतली एकही फळी त्याला अनोळखी नव्हती.

आता कुलाबा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा विशीतला इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर होता. मुंबई आणि इराणचं आखात यांच्यामध्ये त्याच्या फेऱ्या चालत. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ठरवलं, की मुंबईत एक शिडाची बोट बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच घरी जायचं. इथे साग मिळत होता, कारागीर मिळत होते आणि मजुरी त्यांना परवडणारी होती. नकाशे मागवले इंग्लंडहून. हवे होते एका बोटीचे, आले दुसऱ्याच जुन्या बोटीचे: नॉर्वेच्या बचाव-होड्यांवरून अमेरिकेत १९२०च्या दशकात आखलेली, दोन्ही टोकांना निमुळती, जड आणि सावकाश चालणारी. पुन्हा नकाशे मागवायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली.

कुलाबा वर्कशॉपच्या कारागिरांनी ती वाकस आणि हातकरवतीने बांधली. भोकं पाडायला कमानीच्या दोरीने फिरणारं हत्यार होतं. लांबी सुमारे बत्तीस फूट, अंग सागाचं. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला सुहैली म्हणतात, तेच नाव तिला मिळालं. ज्या सुतारांनी ती घडवली त्यांची नावं मी शोधली. इंग्रजी पुस्तकांत ती 'भारतीय कारागीर' एवढ्यावर संपतात. बोटीच्या जमाखर्चात न आलेली ही आणखी एक बाब.

सहकारी मागे पडले. वर्षभराने, डिसेंबर १९६५ मध्ये, नॉक्स-जॉन्स्टन भाऊ आणि एका मित्राला घेऊन मुंबईहून निघाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दरबानला पोचेपर्यंत पैसे संपले. तिघांना तिथे थांबून नोकऱ्या कराव्या लागल्या. मग केपटाउन, आणि तिथून न थांबता लंडन. १९६७ उजाडेपर्यंत या माणसाचं सगळं किडुकमिडुक त्या बोटीत गेलं होतं. पण बोट त्याची स्वतःची होती, आणि हजारो मैलांत तिच्या साऱ्या खोडी त्याला कळल्या होत्या.

१९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने शर्यत जाहीर केली: एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता जगप्रदक्षिणा. आधी पोचेल त्याला गोल्डन ग्लोब चषक, सर्वांत कमी वेळ घेईल त्याला पाच हजार पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी, मोठी पोलादी बोट हवी होती. तिचा आराखडाही झाला होता. त्यासाठी त्याने सुहैली विकायला काढली आणि कंपन्यांना पत्रं लिहिली. पुरेसे पैसे कुठूनच उभे राहिले नाहीत. तेव्हा आहे त्याच बोटीतून जायचं ठरलं.

दुसऱ्या एका स्पर्धकाला मात्र पैसे मिळाले. त्याचं नाव डोनाल्ड क्रोहर्स्ट. हाही हिंदुस्थानशी बांधलेला. त्याचा जन्म १९३२ साली गाझियाबादचा. वडील रेल्वेत होते. त्यांनी निवृत्तीची पुंजी खेळाच्या सामानाच्या कारखान्यात घातली आणि फाळणीच्या दंगलीत तो कारखाना जळाला. इंग्लंडला परतलेल्या या घराने पैशांची ओढाताण जवळून पाहिली होती. क्रोहर्स्ट इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. बोटींसाठी दिशा शोधायचं उपकरण बनवणारी त्याची लहानशी कंपनी डबघाईला आली होती. शर्यत जिंकली तर उपकरणं खपतील, असा त्याचा हिशेब होता.

त्याच्या कंपनीत पैसे गुंतवलेले स्टॅनली बेस्ट यांनी बोटीचा खर्च उचलला. अट अशी, की सफर पुरी झाली नाही तर बोट क्रोहर्स्टच्या कंपनीने विकत घ्यायची. जोडीला घर आणि धंदा गहाण. बोट होती तीन अंगांची, चाळीस फुटी, प्लायवूडची, वेगवान: 'टिनमथ इलेक्ट्रॉन'. उलटलीच तर डोलकाठीच्या टोकावरची पिशवी आपोआप फुगावी आणि संगणकाने बोट सरळ करावी, अशी त्याची योजना होती. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८. तो त्याच दिवशी निघाला. तारा बोटभर फिरवलेल्या होत्या, पण त्या ज्याला जोडायच्या तो संगणक तयारच नव्हता. डेडलाइनच्या रात्री अर्धं काम 'पुढच्या आवृत्तीत करू' म्हणून पाठवणं काय असतं, ते आमच्या धंद्यात वेगळं सांगावं लागत नाही. फक्त आमचं सॉफ्टवेअर दक्षिण महासागरात जात नाही.

त्याआधी साडेचार महिने, १४ जून १९६८ला, सुहैली फाल्मथहून निघाली होती. केप व्हर्दच्या पुढे तिच्यात पाणी शिरू लागलं: कील आणि फळ्या जुळतात तिथली सांध दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. नॉक्स-जॉन्स्टन बुडी मारून खाली गेला. एका श्वासात कापूस ठासून बसेना, म्हणून वर येऊन तो कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, डांबर फासलं आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली. वर तांब्याची पट्टी चढवली. मध्येच शार्क आला, त्याला गोळी घातली. पुढे रेडिओ गेला, स्वयंचलित सुकाणूही मोडलं. जनित्र दुरुस्त करताना फट मोजायचं साधन जवळ नव्हतं, तर त्याने वहीची पानं मोजली: दोनशे पानं म्हणजे एक इंच, तेव्हा एक पान म्हणजे इंचाचे पाच सहस्रांश. तीन पानं सरकवून फट बसवली.

क्रोहर्स्टनेही नोव्हेंबरच्या मध्यावर वही काढली आणि बोटीतल्या दोषांची यादी केली. यादी प्रामाणिक आणि नेटकी होती: काय गळतंय, काय अपुरं आहे, जगण्याची शक्यता किती. या बोटीने दक्षिण महासागरात जाऊ नये, असंच त्यातून निघत होतं. बंदरावर उभी असती तर अशी बोट पुढच्या वर्षापर्यंत दुरुस्त होते. पण परत फिरलं की करार उभा राहणार, धंदा आणि घर जाणार, आणि घरी बायको आणि चार मुलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि जगप्रदक्षिणा चालू असल्याच्या खोट्या जागा कळवू लागला. मार्चमध्ये प्लायवूडची डागडुजी करायला अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरलाही.

२२ एप्रिल १९६९ला, ३१३व्या दिवशी, गंजाचे ओघळ मिरवत सुहैली फाल्मथला परतली. नऊ जण निघाले होते, पोचली ती एकटी. क्रोहर्स्ट मागोमाग येतोय अशा समजुतीने नायजेल टेटलीने आपली बोट ताणली आणि ती मे महिन्यात फुटून बुडाली, तो वाचला. आता वेगाचं बक्षीस क्रोहर्स्टचं होणार आणि त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार, हे उघड होतं. त्याची शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलैला टिनमथ इलेक्ट्रॉन रिकामी सापडली. पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले. ते त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

या गोष्टीकडे बहुतेक जण खरेपणा आणि खोटेपणा यांचा सामना म्हणून पाहतात. मला त्यात दोन जमाखर्च दिसतात. जुनी, संथ, चुकीच्या नकाशावरून बांधलेली बोट कुणाचं देणं लागत नव्हती. आफ्रिकेच्या बंदरात तिच्या मालकाला थांबायचा, कमवायचा, पुन्हा निघायचा अधिकार होता. नवी बोट जगातल्या वेगवान बोटींपैकी होती, पण तिच्या मालकाला परत फिरण्याचीच मुभा नव्हती. समुद्रावर ही मुभा शिडाइतकीच गरजेची असते. वादळ दिसलं की बंदरात शिरायचं, बोट तयार नसेल तर निघायचं नाही, हे खलाशाचे रोजचे निर्णय. हप्ते आणि करार ते त्याच्या हातून काढून घेतात. स्वातंत्र्यासाठी कर्जाने घेतलेल्या बोटीत तेवढं एक सोडून सगळं असू शकतं.

पुढचं थोडक्यात. टिनमथ इलेक्ट्रॉन विकली गेली आणि कॅरिबियनमधल्या केमन ब्रॅक बेटाच्या वाळूत कुजत पडली. सुहैली ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. पण तिथल्या कोरड्या हवेत कुलाब्याचा साग आकसू लागला, फळ्यांमध्ये फटी पडल्या. २००२ साली मालकाने तिला बाहेर काढलं. साठी ओलांडलेल्या माणसाने स्वतः खिळे काढत, ठोकत तिची दुरुस्ती केली. ती पुरी व्हायला २०१६ उजाडलं.

दरम्यान हेच ज्ञान इकडे परत आलं. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, तयारी म्हणून आधी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या बोटीवर किनाऱ्यावरचे मदतनीस झाले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली जात असताना तिथेच तळ ठोकून राहिले. अशी बोट दांडेकरांनीही त्याआधी बांधली नव्हती. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१०ला मुंबईतच परतले. बोट नौदलाची होती, पण तिच्या पोटात काय कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. आणि या वेळी बांधणाऱ्याचं नावही आपल्याला माहीत आहे.

माझ्या तक्त्यातली बोटीची ओळ अजून आहे. तिच्यासमोरचा आकडा मी तूर्त पुसलाय आणि खाली दोन नव्या ओळी घातल्यात. एक: ती दुरुस्त करायला मला किती वर्षं शिकावं लागेल. दुसरी: त्या दिवशी मी कुणाचं किती देणं लागत असेन. घराचा हप्ता अजून सतरा वर्षं आहे, तेव्हा दुसऱ्या ओळीचं उत्तर सोपं आहे. पहिलीसाठी पुढच्या महिन्यापासून शनिवारी एका सुतारकामाच्या वर्गाला नाव घातलंय.