शॉर्ट-स्केल सेमी-हॉलो बास गिटार

शॉर्ट-स्केल सेमी-हॉलो बास गिटार हा विद्युत बास गिटारचा एक प्रकार आहे. यात नट ते ब्रिज ही तारेची लांबी सुमारे ३० ते ३१ इंच असते. प्रचलित लांबी ३४ इंच आहे. पोकळ खोडाच्या मधोमध लाकडी ठोकळा असल्याने पूर्ण पोकळ वाद्यापेक्षा फीडबॅक कमी होतो. गिब्सनचा ईबी-२ (१९५८, ३०.५ इंच) हे याचे आरंभीचे उदाहरण होय.

तारेची जाडी व स्वर तोच ठेवल्यास ३० इंचांवर ताण ३४ इंचांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे डाव्या हाताला श्रम कमी पडतात. मात्र सर्वांत खर्जातील ई तार सैल पडून पडद्यांवर खडखडते. जाड तारा व हलका आघात हे त्यावरचे उपाय आहेत. तारा शॉर्ट-स्केलच्याच घ्याव्यात, अन्यथा ई तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन ती तुटू शकते.

खरेदी करताना केवळ रूपावर विसंबू नये. इबानेझचा तुलनेने स्वस्त एजीबी२०० हा ३०.३ इंचांचा आहे, तर दिसायला सेमी-हॉलोच वाटणारा एपिफोनचा जॅक कॅसाडी बास ३४ इंचांचा. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केल्यास लांबी कळते. खोड हलके असल्यास पट्ट्यावर अडकवलेल्या वाद्याची मान खाली झुकते. म्हणून ते उभे राहून वाजवून पाहावे.