पहिली घागर कोणाची?



आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण विहीर आधीच खणलेली असली तरी एक प्रश्न उरतोच. पहिली घागर ओतायची कोणी? आणि ओतताना त्याचा हात भाजला, तर त्याच्या घरादाराची काळजी कोणी वाहायची? रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून थेट श्रीवर्धनपर्यंत, हा प्रश्न जुना आहे. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

गावात आग लागली म्हणजे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. पेंढ्याच्या उडवीवर ठिणगी पडते, खाऱ्या वाऱ्याने ती फुलते, आणि हाळी ऐकताच आळीतली माणसे घागरी, बादल्या, ओली गोणपाटे घेऊन धावत सुटतात. कोणी हुकूम देत नाही की कोणी मजुरी मागत नाही. शहराचे मात्र एवढ्याने भागेना. खाडीपलीकडच्या मुंबईत १८०३ साली कोटात मोठी आग लागली व बराच भाग जळून गेला. त्यानंतरही कित्येक वर्षे आग विझवणे हे पोलिसांचे जोडकाम होते. १८८७ साली तेथे पूर्णवेळ अग्निशामक दल उभे राहिले आणि १८८८ च्या कायद्याने हे काम महापालिकेकडे आले. शहराने आपली घागर पगारी, शिकवून तयार केलेल्या माणसाच्या हाती दिली. खेड्यात ती शेजाऱ्याच्याच हाती राहिली.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली १४ एप्रिल १९४४ ची. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि युद्धाचा दारूगोळाही होता. कापसाने पेट घेतला. बंब आले, जवान पाणी मारीत राहिले. पण जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणा एकाकडे नव्हता. गोदीचे अधिकारी वेगळे, लष्कराचे वेगळे, जहाजाचा कप्तान वेगळा. हे घोळ चालले असताना दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो.

दुसरी घटना तीन वर्षांनंतरची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मदतीला कोणतेही दल वेळेवर आले नाही. मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळीचा विचार सोडून दिला आणि हाती लागतील तेवढे जीव आपल्या होड्यांत ओढून घेतले.

गोदीत शिकलेली माणसे होती, पण हुकूम एकमुखी नव्हता. रेवसच्या समुद्रावर धाडसी माणसे होती, पण त्यांच्या पाठीशी सेवा नव्हती. दोन्ही ठिकाणी किंमत माणसांनीच दिली.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ डिसेंबर १९४६ रोजी, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना, होमगार्ड ही नागरिकांची स्वयंसेवी संघटना सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी कायदा झाला आणि कामावर बोलावलेल्या होमगार्डला लोकसेवकाचा दर्जा मिळाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर नागरी संरक्षणाकडे लक्ष गेले व १९६८ साली त्याचाही कायदा झाला. आपल्या जिल्ह्यात, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, उरणला नागरी संरक्षण दल आहे.

पण एक फट राहून गेली, ती शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आग विझवण्यास साहाय्य करणे हे पंचायतीच्या कामांत धरले आहे. १९९२ साली राज्यघटनेत दुरुस्त्या झाल्या. नगरपालिकांसाठी जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात ‘अग्निशमन सेवा’ हा विषय आला. पंचायतींच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत, पण त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे कर्तव्य गावावर आहे आणि बंब मात्र नगरपालिकेचा, औद्योगिक वसाहतीचा नाहीतर एखाद्या कारखान्याचा.

पगारी माणसाचाही धोका काही कमी नाही. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या वायू प्रकल्पात आग लागली, तेव्हा चौघांचा बळी गेला. त्यांत औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशमन जवान होते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पुराने रस्ते बंद होते, त्यामुळे सुरुवातीला आसपासच्या गावकऱ्यांनीच हातांनी माती उपसली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढण चढतानाच मरण पावले. वाट ठाऊक असलेले स्थानिक तरुण आणि गिर्यारोहक तेथे दलांच्या बरोबरीने राबले.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २०१६ पासून केंद्राने ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली. तीत आधी ३० जिल्ह्यांतल्या ६,००० आणि पुढे ३५० जिल्ह्यांतल्या १ लाख स्वयंसेवकांना शिकवण्याचे ठरले. शिक्षण, साहित्य आणि विमा, या तिन्ही गोष्टी तीत एकत्र आल्या. स्वयंसेवकाला नुसती शाबासकी देऊन भागत नाही, हे सरकारने मान्य केले, हे त्यातले महत्त्वाचे.

तेव्हा ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावातल्या धावून जाणाऱ्या माणसांची नावे कोठे लिहून ठेवली आहेत का? त्यांना कोणी शिकवले आहे का आणि त्यांचा विमा आहे का? बंब आल्यावर हुकूम कोणाचा, हे आधीच ठरले आहे का? ही तिसरी गोष्ट स्वयंसेवकांनीही मनावर घ्यावी. दल आल्यावर त्याच्या प्रमुखाचे ऐकणे हा कमीपणा नव्हे. अधिकाऱ्यांनीही गावकऱ्याला विचारावे, कारण पाणी कोणत्या विहिरीला आहे आणि पाखाडी कोठे अरुंद होते, हे त्यालाच माहीत असते.

पुढची ग्रामसभा पावसाळ्याआधी असेल, तर हे प्रश्न तेव्हाच मांडा. उत्तर लेखी मागा, आणि शाळेच्या फलकावर सर्वांना दिसेल असे लावून ठेवा.