केमिकल लोचा, सर्पगंधा आणि आमचे आजोबा

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली, आपल्या सोलापूरचीच. पूर्व भागातला मुलगा आहे, नाव सांगत नाही. म्हणाला, "काय ओ दादा, मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय म्हणून मला गोळी चालू आहे. आता रीलमध्ये सांगायलेत की ते सगळं खोटं निघालं. बंद करू का गोळी?"

आधी उत्तर देतो, मग गोष्ट. परस्पर बंद करू नको. या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, झोपेचा खेळखंडोबा, चिडचिड असलं बरंच काही होऊ शकतं, आणि मूळ आजारही उलटू शकतो. सोडायची असेल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू. पण तुझा प्रश्न रास्त आहे. 'सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन' हे आपल्याला सांगितलं कुणी? ती गोष्ट मुंबईतून जाते आणि थोडी माझ्या घरातूनही.

'केमिकल लोचा' हा शब्द आपल्याला 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'नं दिला. तिथं मुन्नाला गांधीजी दिसत होते, डिप्रेशन नव्हतं, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. त्यामागची कल्पना मात्र पन्नास वर्षं जुनी होती.

सर्पगंधा नावाचं झुडूप आहे. त्याची मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणायचे. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब, दोन्हींवर ही मुळी चालते असं छापून आणलं. बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरच्या वापराचा निबंध 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. तिथून जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतला मुख्य पदार्थ वेगळा काढला गेला. त्याचं नाव रिसर्पीन.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते पुस्तकात नाही. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर. आजोबा गिरणीत साचे खात्यात होते. साठच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली, आजी विड्या वळायला लागली, आणि त्याच सुमारास आजोबांना बीपी निघालं. गोळी सुरू झाली. पुढच्या वर्षभरात माणूस गप्प झाला. जेवण सुटलं, कुणाशी बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मोठे काका आजही म्हणतात, गोळीनं खाल्लं त्यांना. आजी म्हणायची, गोळी कसली, भोंगा बंद झाला तिथंच ते संपले.

काकांचा संशय हवेतला नाही. 1954 मध्येच एडवर्ड फ्रीस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं होतं की रिसर्पीनचा मोठा डोस बराच काळ घेणारे काही रुग्ण उदास होतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पीन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. कसं, ते सोपं आहे. पेशींच्या टोकाला बारीक पिशव्या असतात, त्यात सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन भरून ठेवलेलं असतं. रिसर्पीन या पिशव्या भरूच देत नाही. बाहेर राहिलेला माल एक एन्झाइम मोडून टाकतं. गोदाम रिकामं.

दुसऱ्या बाजूनं टीबीचं एक औषध आलं, इप्रोनियाझिड. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये ते घेतलेले टीबीचे रुग्ण भलतेच खुशीत आले. वॉर्डात नाचतायत अशा बातम्या छापून आल्या. हे औषध ते मोडतोड करणारं एन्झाइमच अडवतं. नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं 1957 मध्ये ते डिप्रेशनवर वापरलं. गंमत बघा, याच क्लाइननं आधी सर्पगंधाही मनोरुग्णांवर वापरली होती, आणि त्यासाठी 1957 चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते, आणि आपले डॉ. वकीलही होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे का नाही, मला कळत नाही.

आता गणित जुळलं. माल संपवणारं औषध माणसाला उदास करतं, माल वाढवणारं खुलवतं. म्हणजे डिप्रेशन हा मालाचा तुटवडा. 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर बोट ठेवून हे व्यवस्थित मांडलं. पण त्यांनीही हे पुरतं सिद्ध झालेलं नाही, हे अपुरं चित्र आहे, असंच म्हटलं होतं. 1987 च्या शेवटी अमेरिकेत प्रोझॅकला मंजुरी मिळाली आणि हा अंदाज जाहिरातींतून सत्य म्हणून विकला गेला.

गणितात भोकं पहिल्यापासून होती. 1955 मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रिसर्पीन दिलं, तर त्यांना उलट बरं वाटलं! तो निबंध जवळजवळ विसरला गेला. नंतर जुन्या केसेस पुन्हा तपासल्या तेव्हा बरेच 'उदास' रुग्ण खरं तर सुस्तावलेले होते, आणि जे खरंच डिप्रेशनमध्ये गेले त्यांतल्या अनेकांना ते आधीही होऊन गेलेलं होतं. शिवाय आजच्या गोळ्या काही तासांत सेरोटोनिनवर काम सुरू करतात, पण मन सावरायला आठवडे लागतात. नुसता तुटवडा असता तर इतका वेळ का लागावा?

2022 मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं आणि सांगितलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याचा ठोस पुरावा मिळत नाही. तुझं रील तिथून आलंय. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली, वाद चालू आहे. पण 'तुटवडा सिद्ध नाही' आणि 'गोळी चालत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डोकं दुखलं, बाम चोळला, बरं वाटलं. म्हणून काय शरीरात बाम कमी पडला होता? बाम तरीही कामाचाच. गोळ्यांनी बऱ्याच लोकांना फरक पडतो, काहींना पडत नाही. मेंदूत रसायनांचं काम आहेच, पण त्यात आनुवंशिकता आहे, झोप आहे, थायरॉइड आहे, गेलेली नोकरीही आहे. आणि रक्त काढून 'तुझं सेरोटोनिन किती' हे कुणी सांगत असेल तर पैसे वाचव. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तावरून मेंदूतलं कळत नाही.

आजोबांचं काय? काका बरोबर की आजी? मी बरीच वर्षं निकाल लावायचा प्रयत्न केला. रिकाम्या पिशव्या आणि बंद गिरणी एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वर्षी आल्या. आता वेगळं करून बघायला मार्ग नाही. त्यांना त्या वेळी कुणी विचारलंही नाही, आणि डिप्रेशन हा शब्द तर आमच्या चाळीत नव्हताच. 'डोक्यावर परिणाम झालाय' एवढंच म्हणायचे, तेही दार लावून.

तर मित्रा, शुक्रवारी तुझी अपॉइंटमेंट आहे म्हणालास. डॉक्टरांना सरळ विचार की ही गोळी मला कशासाठी, किती दिवस, आणि सोडायची कशी. त्याआधी रात्री-अपरात्री फारच जड वाटलं तर 14416 लाव, टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि काय म्हणाले ते मला कळव.