पातं लोहाराचं, दांडा आपल्या मापाचा

लहानपणी आजोबांबरोबर जुन्नरच्या बाजारात कुदळ घ्यायला जायचो. कुदळ घ्यायची म्हणजे नुसतं लोखंड घ्यायचं. दांडा दुसऱ्या माणसाकडे. आजोबा बाभळीचे चार-पाच दांडे उचलून तोलून बघायचे, त्यातला एक जमिनीवर उभा करून कमरेला लावायचे आणि सांगायचे, "एवढा काप." चुलते उंच, त्यांची कुदळ वेगळी. एकाची कुदळ दुसरा घेत नसे. घेतलीच तर संध्याकाळी पाठ बोलायची.

हे सगळं मला पन्नाशीत आठवलं, आणि ते गोल्फच्या मैदानावर. हसा खुशाल. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. शेवटी शेवटी जपानी पाहुण्यांना शनिवारी गोल्फ खेळायला न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी उंची पाच फूट चार इंच. पुण्यातल्या एका दुकानातून नावाजलेल्या ब्रँडचा सेट घेतला. माप कुणी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षं माझा चेंडू डावीकडे जात राहिला. शिकवणारे कधी म्हणायचे मनगट चुकतंय, कधी खांदा, कधी डोकं. मीही मान डोलवायचो, कारण एवढ्या मोठ्या कंपनीची काठी चुकीची असेल असं मनातही येत नव्हतं.

एका म्हाताऱ्या जपानी इंजिनिअरने माझी आयर्न उलटी करून तळ बघितला. घासल्याच्या खुणा फक्त टाचेकडे. बाकीचं पॉलिश नव्यासारखं. म्हणजे मारताना काठीचं नाक हवेत राहत होतं, आणि नाक वर राहिलं की उजव्या हाताच्या माणसाचा चेंडू डावीकडे जातो. साधी भूमिती. आयुष्यभर डाय कुठे घासली त्यावरून प्रेस कुठे वाकडी आहे हे ओळखणारा मी, आणि स्वतःच्या हातातल्या लोखंडावरची खूण मला वाचता आली नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही, आणि मग या काठीचा इतिहास वाचायला लागलो.

आधी एक खुलासा. इंग्रजीत खेळायच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि जिमखान्यालाही. गोंधळ नको म्हणून मी आपली काठीच म्हणतो.

या खेळाची पहिली ठळक नोंद बंदीची आहे. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली, कारण पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायची. आणि १५०२ मध्ये तिथल्याच राजाने, चौथ्या जेम्सने, पर्थ गावच्या धनुष्य बनवणाऱ्याकडून काठ्या विकत घेतल्या! पुढे १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने एडिंबराच्या विल्यम मेन याला राजाचा काठी-कारागीर नेमलं, तोही धनुष्यवालाच. यात नवल काही नाही. लाकडाची लवचीकता आणि माणसाच्या हाताचा जोर यांचं गणित धनुष्य करणाऱ्यालाच ठाऊक. बलदंड माणसाला ताठ धनुष्य, हलक्या हाताच्याला लवचीक. काठीचंही तेच.

एकोणिसाव्या शतकात सेंट अँड्र्यूजला ह्यू फिलप नावाचा कारागीर होता. १८१९ पासून तो तिथल्या गोल्फ मंडळाचा अधिकृत काठीवाला. सफरचंद, पेअर अशा फळझाडांच्या लाकडाचं डोकं, पाठीमागे ओतलेलं शिसं, खालच्या कडेला शिंगाची पट्टी, आणि दांडा तिरका सांधून डांबर लावलेल्या दोऱ्याने आवळलेला. दांडे पुढे अमेरिकेतल्या हिकरी लाकडाचे येऊ लागले. गिऱ्हाईक दुकानात आलं की काठी हातात घेऊन हलवून बघायचं, कारागीर दांडा आणखी थोडा खरवडून द्यायचा, पुन्हा हलवून बघायचं. आजोबा आणि सुतार यांच्यात जे चालायचं तेच.

त्याच गावातली आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. तेव्हाचा चेंडू चामड्यात पिसं कोंबून करायचे, तो फार महाग पडायचा. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला आणि सामान्य माणसाला खेळ परवडू लागला. सांगतात असं की पॅटरसन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती गटापर्चाचा चिकाचा भुगा भरलेला होता, आणि त्यातून घरातल्या मुलाने चेंडू वळला. खरं-खोटं विष्णूच जाणे, पण गोष्ट तिकडे अजून सांगतात.

मग पोलाद आलं. अमेरिकेत पोलादी दांड्याला १९२४ मध्ये परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. हा दांडा बनवणाऱ्यांमधलं मोठं नाव कुठलं, तर अमेरिकन फोर्क अँड हो कंपनी. म्हणजे गवत उचलायचे काटे आणि खुरपणीची अवजारं बनवणारे लोक! त्यांचा ट्रू टेंपर हा शिक्का आजही जगभरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या दांड्यांवर दिसतो. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. कुदळ आणि गोल्फची काठी एकाच गोत्रातली निघाली.

पोलादाचा फायदा खरा होता, तो नाकारू नये. हिकरीचे दोन दांडे कधी सारखे नसायचे, पोलादाचे हजारो एकसारखे निघायचे. पण एकसारखे निघाले म्हणूनच ते एकसारखेच विकता आले. १९३० मध्ये बॉबी जोन्सने एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या काठ्यांनी. एकेक काठी हाताला लागेल तशी निवडून त्याने तो संच जमवला होता. दोनच वर्षांत स्पॉल्डिंग कंपनीने त्याच्या नावाचा पोलादी सेट बाजारात आणला. मॅशी, निब्लिक ही जुनी नावं जाऊन ५ नंबर, ७ नंबर आले. खेळाडू पंचवीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरायला लागले, तेव्हा अमेरिकेत १९३८ मध्ये १४ ची मर्यादा घालावी लागली. कारागिराच्या दुकानाची जागा खोक्याने घेतली, आणि खोक्यातल्या काठीचं माप एका सरासरी माणसाचं. तो सरासरी माणूस मला तरी अजून कुठे भेटलेला नाही.

इथे मला एका चांभाराच्या मुलाबद्दल लिहायचंय. कार्स्टन सोल्हाइम, जन्म १९११, नॉर्वेतल्या बर्गनचा. लहानपणीच घरचे अमेरिकेत सिॲटलला आले. बाप चांभार, मुलानेही जोडे शिवले. पुढे इंजिनिअर झाला, चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागला, आणि बाजारातला पटर हाताला बसेना म्हणून १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचा बनवला. चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच नाव पडलं. याच कंपनीने १९७२ मध्ये आयर्नवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. उंची आणि मनगटाचं जमिनीपासूनचं अंतर मोजायचं, त्यावरून रंग ठरवायचा, आणि त्या रंगाची, म्हणजे तेवढ्या कोनात वाकवलेली काठी द्यायची. पायाचं माप घेतल्याशिवाय जोडा शिवत नाहीत हे ज्याने घरी पाहिलं, त्यालाच हे सुचावं यात मला काहीतरी दिसतं.

पण ती शेवटी कंपनीच. याच सुमारास दुसरीकडे एक वेगळी चळवळ उभी राहत होती. १९६७ मध्ये न्यू जर्सीत कार्ल पॉल या इंजिनिअरने घरच्या तळघरातून काठ्यांचे सुटे भाग विकायला सुरुवात केली, नाव गोल्फस्मिथ. ओहायोतल्या नेवार्क गावी राल्फ माल्टबीने गोल्फवर्क्स काढलं, आणि १९७४ मध्ये काठीची रचना, माप आणि दुरुस्ती यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. कंपन्यांच्या कारखान्यात जे ज्ञान कोंडलेलं होतं ते कुणाही मेकॅनिकला वाचता येईल असं झालं. डोकं इथून, दांडा तिथून, ग्रिप तिसरीकडून, आणि माप गिऱ्हाइकाचं. अमेरिकेत गावोगावी गॅरेजमध्ये माणसं हे करू लागली. निवृत्त फिटर, शाळामास्तर, पोस्टमन.

(त्याच नेवार्कमध्ये २,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या प्रचंड रचनांवर एक गोल्फ कोर्स कित्येक वर्षं चालत होता. त्या रचना २०२३ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. तो वाद म्हणजे स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.)

आता खरी मेख. तुम्ही म्हणाल, ब्रँड तो ब्रँड, सुट्या भागांची काठी म्हणजे शेवटी जुगाड. मलाही तसंच वाटायचं. पण ब्रँडवाले तरी काय करतात? बहुतेकांची डोकी तैवानी कंपन्यांच्या फाउंड्रीत ओतली जातात, आधी तैवानमध्ये, नंतर चीनच्या ग्वांगडोंगमध्ये आणि आता व्हिएतनाममध्येही. एकेक फाउंड्री अनेक ब्रँडचं काम करते. दांडा ट्रू टेंपरसारख्यांचा. ग्रिप बऱ्याचदा गोल्फ प्राइडची, आणि ती ईटनची, क्लच-गिअरवाली ईटन, जिचं पुण्यातही मोठं काम चालतं. म्हणजे नावाजलेली काठीसुद्धा जोडलेलीच असते. फरक एवढाच की जोडणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं. नवा आकार शोधायला कंपन्या पैसा ओततात हे खरं, आणि सुट्या भागांच्या बाजारात त्या आकारांच्या नकला करणारेही होते, त्यावरून कोर्टकज्जे झाले. त्या नकलांनी प्रामाणिक कारागिरांची बदनामी केली. पण जाहिरातीचा आणि टीव्हीवरच्या टोप्यांचा खर्च आपण भरतो, आणि माप मात्र आपलं नसतं, हे काही खोटं ठरत नाही.

दांड्यावरची अक्षरंच घ्या. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ. किती वाकला म्हणजे आर, याचं सगळ्या धंद्याला लागू होणारं प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीचा एस निघू शकतो. नंबरांचंही तसंच. १९७० च्या दशकातल्या ७ नंबरचा कोन ३६ अंश किंवा त्याहून जास्त असायचा, आज कितीतरी कंपन्यांचा ३० किंवा त्याहून कमी. चेंडू लांब जातो, माणूस खूश होतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या हातात जुना ५ नंबर असतो. टूलरूममध्ये असं ड्रॉइंग कुणी दिलं असतं तर आम्ही ते परत पाठवलं असतं.

मुलगी कोलंबसला असते, तिथून नेवार्क तासाभराच्या आत. तिच्याकडे गेलो तेव्हा तिथून डोकी, दांडे, ग्रिप घेतले आणि बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणले. माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत ३१ इंच. आयर्न प्रमाणापेक्षा एक इंच आखूड ठरली. इंच कापला की डोकं हातात हलकं वाटायला लागतं. हा तोल मोजायचा वेगळा काटा आहे, त्यावर एका इंचाला साधारण ६ पॉइंट जातात, आणि एक पॉइंट परत मिळवायला डोक्यात सुमारे २ ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे १२ ग्रॅम. मी शिशाची पट्टी पाठीमागे चिकटवली. फिलप शिसं ओतायचा त्याच जागी.

दांड्याचं टोक एमरीने खरवडलं, इपॉक्सी लावली, २४ तास हात लावला नाही. फळीवर मारून तळावरची खूण बघितली, अजून थोडी टाचेकडे होती, म्हणून व्हाइसमध्ये धरून एक अंश वाकवली. पहिली काठी वाया गेली. घाईत दांडा दुसऱ्या बाजूनेही अर्धा इंच कापला होता, हे सांगायला लाज वाटते. दुसरी जमली. चेंडू सरळ गेला, नेहमी नाही, पण चुकला की आता कळतं की मीच चुकलोय.

हा बाजार पुढे आटला. गोल्फस्मिथने मोठमोठी दुकानं काढून नावाजलेले ब्रँड विकायला घेतले आणि २०१६ मध्ये दिवाळं काढलं. ब्रँडवाले स्वतःच माप घेऊ लागले, ही या कारागिरांनी लावलेली सवय, पण श्रेय कुणी दिलं नाही. नव्या ड्रायव्हरमध्ये दांडा स्क्रूने बसतो, बदलायला सोपा. फक्त त्याची टोपी प्रत्येक कंपनीची निराळी, एकाची दुसऱ्याला बसत नाही. मोबाईलच्या चार्जरवरून आपण ज्या शिव्या घातल्या त्याच इथे लागू. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, गाड्या आणि घरगुती उपकरणं आहेत. गोल्फचं नाव नाही, असावं असंही मी म्हणत नाही. पण ट्रॅक्टरवाल्याची तक्रार आणि ही तक्रार सख्ख्या बहिणी आहेत.

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीत कॅडी पोरं गल्लीत गोल्फ खेळतात, त्याचे फोटो जगभर गेले. काठी म्हणजे बांधकामाची लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली, मुठीला प्लास्टिकचा पाइप. फोटो बघणारे गरिबीबद्दल हळहळले. मी सळईची लांबी बघत बसलो. ज्या पोराची सळई त्याच्याच मापाची.

माझा जुना सेट तीन वर्षं माळ्यावर पडून होता. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका कॅडी पोराला दिला. माझ्याहून चार बोटं बुटका असेल. मी म्हटलं, बाळा, आधी माप घेऊ, मग मी कापून देतो. तो म्हणाला, "काका, माझ्याकडे हॅक्सॉ आहे," आणि पिशवी खांद्यावर टाकून गेलासुद्धा. दुसऱ्या शनिवारी बघतो तर सगळ्या आयर्न कापलेल्या, ग्रिपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि ७ नंबरच्या पाठीवर शिशाचा तुकडा. तो कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलं होतं असं नाही. डोकं हलकं वाटलं म्हणाला.