अमेरिकेचं यादवी युद्ध: घर, कारखाना आणि रणांगण सांभाळणाऱ्या स्त्रियांना काय मिळालं?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेतली ११ राज्यं देशातून फुटली आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई पेटली. सहा लाखांहून अधिक सैनिक मरण पावले. सैन्यात भरती फक्त पुरुषांची होत होती. मग स्त्रिया काय करत होत्या?

घर चालवण्याची लढाई

पुरुष आघाडीवर गेले आणि शेती, दुकान, कर्ज सगळं बायकांच्या अंगावर आलं. उत्तरेच्या नौदलाने बंदरांची नाकेबंदी केल्याने दक्षिणेत टंचाई वाढली. मांस टिकवायला मीठ मिळेना, तेव्हा मांस साठवण्याच्या खोलीतली खारट माती उकळून मीठ काढलं जाई. कॉफीऐवजी भेंडीच्या बिया किंवा रताळी भाजून वापरत. २ एप्रिल १८६३ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये महागाईने त्रासलेल्या शेकडो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी दुकानं फोडून धान्य नेलं.

एकच दिवस, दोन ठिकाणं

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिटमची भीषण लढाई झाली. पेटंट कार्यालयात कारकुनी करणाऱ्या क्लारा बार्टन तिथे जखमींची शुश्रूषा करत होत्या. पुढे १८८१ मध्ये त्यांनीच अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली. त्याच दिवशी पिट्सबर्गजवळच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट होऊन ७८ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक काडतुसं बनवणाऱ्या तरुण मुली होत्या.

परिचारिका आणि वेषांतर केलेल्या सैनिक

उत्तरेच्या सैन्यातल्या परिचारिकांच्या प्रमुख डोरोथिया डिक्स होत्या. वय तिशीच्या पुढे हवं, कपडे साधे हवेत आणि दागिने नकोत, अशा त्यांच्या अटी होत्या. पगार होता दिवसाला ४० सेंट. काही स्त्रिया पुरुषाच्या वेषात थेट लढायलाही गेल्या. सारा एडमंड्स यांनी ‘फ्रँकलिन थॉम्पसन’ या नावाने मिशिगनच्या पलटणीत नोकरी केली. आजारपणात आपलं गुपित उघड होईल या भीतीने त्या निघून गेल्या आणि कागदोपत्री ‘पळपुट्या’ ठरल्या. त्यांना पेन्शन मंजूर झालं ते १८८४ मध्ये.

गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रिया

हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया मळ्यांतून पळून उत्तरेच्या छावण्यांत आल्या. तिथे त्यांनी स्वयंपाक केला, कपडे धुतले, जखमींची सेवा केली. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या सुझी किंग टेलर पलटणीतल्या सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवत, बंदुकाही साफ करत. या कामाचा पगार त्यांना मिळाला नाही.

हॅरिएट टबमन यांनी उत्तरेसाठी हेरगिरी केली. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोंबाही नदीवरच्या मोहिमेत त्यांनी वाट दाखवली आणि सातशेहून अधिक लोक गुलामगिरीतून सुटले.

हिशेब कधी झाला?

सैन्यातल्या परिचारिकांना महिना १२ डॉलर पेन्शन देणारा कायदा १८९२ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर २७ वर्षांनी आला. त्यातून स्वयंपाकिणी आणि धोबिणी वगळल्या गेल्या. छावणीत रुग्णसेवा करूनही बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांची नोंद याच दोन कामांखाली होती. त्यामुळे त्यांच्या हाती काही आलं नाही.

टबमन यांना पेन्शन सुरू झालं ते सैनिकाची विधवा म्हणून, महिना ८ डॉलर. १८९९ मध्ये ते २० डॉलर झालं. त्या वेळी त्यांच्या रुग्णसेवेची दखल घेतली गेली, पण हेरगिरीसाठी वेगळं पेन्शन त्यांना कधीच मिळालं नाही. त्या १९१३ मध्ये वारल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेरीलँड राज्याने त्यांना नॅशनल गार्डच्या ब्रिगेडियर जनरलचा मरणोत्तर हुद्दा दिला.