माहेर नागपूर, नाव नलगोंडा

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात कुणाचे दात तपकिरी दिसले की पहिला संशय सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यावर जातो. बहुतेक वेळा तो खराही असतो. पण खर्ऱ्याचा डाग हिरडीच्या कडेला आणि दातांच्या फटीत बसतो, डॉक्टरने घासला तर निघतो. दुसरा एक डाग दाताच्या मधोमध आडवा पट्टा होऊन येतो. तो डाव्या-उजव्या दातांवर जोडीने दिसतो आणि कितीही घासला तरी हटत नाही, कारण तो दातावर नसतो, दातात असतो. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात गेलेल्या पाण्यातल्या फ्लोराइडने तो पाडलेला असतो. ज्या पोरीने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तीही मग हसताना ओढणी तोंडावर घेते.

जगातला फ्लोराइडचा सगळा वाद या डागातूनच निघाला. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी दवाखाना थाटायला गेला, तर गावात जन्मलेल्या कितीतरी लोकांचे दात तपकिरी. त्याने पुढची तीस वर्षं या डागाचा पिच्छा पुरवला. पाण्यातच काहीतरी आहे हे त्याला कळलं होतं, आणि डागाळलेले हे दात किडत मात्र कमी, हेही. ते ‘काहीतरी’ १९३१ साली शोधून काढलं एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने. एच. व्ही. चर्चिल त्याचं नाव. कंपनीच्या खाणीच्या गावातही असेच दात दिसत होते, आणि त्या काळात ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर विषारीपणाचा आळ येत होता. तो उलटायचा तर खरा गुन्हेगार शोधणं भाग होतं. सापडला तो फ्लोराइड. हा ॲल्युमिनियमचा धागा वाचकांनी हातात धरून ठेवावा, पुढे लागेल.

मग ट्रेंडली डीन या अमेरिकी दंतवैद्याने गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर डाग जवळपास पडत नाही आणि कीडही कमी लागते, असा हिशेब निघाला. त्यावर विसंबून २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला सुरुवात केली. तिथल्या मुलांचे किडके दात निम्म्याहून कमी झाले, हे खरं. पण सरकारने न विचारता सगळ्यांच्या पेल्यात औषध टाकावं का, या प्रश्नावर तेव्हापासून जे भांडण सुरू आहे ते मिटलेलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने १९६२ साली सुरू केलं, २००३ साली बंद केलं. अमेरिकेतल्या यूटा राज्याने २०२५ साली कायद्यानेच मनाई केली.

आपल्याकडे हा वाद कुणी घालत नाही, कारण आपली खटपट घालण्याची नाही, काढण्याची आहे. १९३७ सालीच शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली माणसं तपासून सांगितलं होतं की इथे गोष्ट दातांवर थांबत नाही, पाठीचा कणा आणि सांधे आखडून माणूस वाकतो.

त्यातून ‘लिटरला एक मिलिग्रॅम’ हा आकडाही दिसतो तितका सरळ नाही. १९५७ साली गॅलागन आणि व्हर्मिलियन या दोघांनी हवामानाचा हिशेब मांडला: जिथे ऊन जास्त तिथे माणूस पाणी जास्त पितो, म्हणून पाण्यातलं फ्लोराइड कमी हवं. अमेरिकेने पुढे थंड मुलुखाला १.२ आणि उष्ण मुलुखाला ०.७ अशी पट्टी धरली. आता मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना संत्र्याच्या बागेत आळी करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो दिवसाला किती लिटर पितो हे त्याच्या पाठीवर वाळलेल्या मिठाच्या रेघा सांगतात. शिवाय चार वेळा चहा, आणि चहाच्या पत्तीत फ्लोराइड असतंच. आपल्या भारतीय मानकात मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत सूट. ही सूट मला नेहमीच उदार वाटत आली आहे. तहान काही सूट देत नाही.

फ्लोराइड असतं खडकात. पांढुर्ण्याकडचा काळा बेसाल्ट त्या बाबतीत बराचसा निरुपद्रवी; जुने ग्रॅनाइट-नाइस खडक मात्र त्याची खाण. (भूगर्भशास्त्रात ‘सौंसर’ हे मँगेनीजवाल्या प्राचीन खडकांच्या एका अख्ख्या समूहाचं नाव आहे, हे आमच्या गावात कितीजणांना ठाऊक असेल?) विहिरी होत्या तोवर वरचं पाणी प्यायलं जाई; त्यात नारू, पटकी सगळं असे, पण फ्लोराइड बेताचं. मग जंतू टाळायचे म्हणून हापशा आल्या, बोअर खोल गेले, आणि वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं पाणी वर आलं. दिसायला नितळ, चवीला गोड. केंद्रीय भूजल मंडळाच्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांच्या यादीत आमचा जुना जिल्हा छिंदवाडा आहे. शेजारचा शिवनी आहे. मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात तर मुलांचे गुडघे आत वळले, आणि जबलपूरच्या शास्त्रज्ञांना तिथे ठाण मांडून बसावं लागलं. त्यांनी सुचवलेल्या आहारात चकोड्याची भाजी होती. चकोडा म्हणजे आपला तरोटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला फुकट उगवणारा.

पाण्यातून फ्लोराइड काढण्याची जी पद्धत जगभर गेली तिचं नाव ‘नलगोंडा पद्धत’. नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं, कारण दुखणं तिथलं. माहेर मात्र नागपूर, सौंसरहून सत्तरेक किलोमीटर. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात.

तिथे आधी वेगळीच वाट चालून झाली होती. लाकडाच्या भुशावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून तो तुरटीच्या पाण्यात भिजवायचा आणि त्यातून पाणी गाळायचं. त्याचं नाव डिफ्लुओरॉन-१. मग १९६८ साली भुशाऐवजी दगडी कोळसा घेऊन डिफ्लुओरॉन-२. तो फ्लोराइड पकडायचा, पण पकडून भरला की तुरटीच्या द्रावणाने धुऊन पुन्हा ताजा करावा लागे आणि त्याला जाणता माणूस लागे. खेड्यात तो कुठून आणायचा? मग विचार उलटा फिरला. काम तुरटीच करते आहे, तर मध्ये कोळसा कशाला? तुरटीने फ्लोराइड निघतं हे अमेरिकेत बोरुफने १९३४ साली दाखवलं होतंच. नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसु या चौघांनी १९७५ साली आपली कृती प्रसिद्ध केली: चुना, तुरटी आणि जंतूंसाठी चिमूटभर ब्लीचिंग पावडर.

चर्चिलचा धागा इथे जुळतो. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचंच मीठ. पाण्यात पडली की तिचे कापसासारखे पांढुरके पुंजके होतात, फ्लोराइड त्यांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर तळाला बसतं. तुरटीने पाणी आंबटपणाकडे झुकतं, ते चुना सावरतो. घरातलं गढूळ पाणी निवळायला आपल्या आज्या तुरटीचा खडा फिरवत किंवा निवळीचं बी माठाच्या आतून घासत, त्याचीच ही पुढची पिढी. फरक मात्रेचा. गढूळपणाला लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम तुरटी पुरते. फ्लोराइडला शेकडो लागतात. किती शेकडो, ते त्या पाण्यात फ्लोराइड किती आणि क्षार किती यावर ठरतं, आणि ते विहिरीगणिक निराळं, ऋतूगणिक निराळं.

एकदा मी हे घरी करून पाहिलं. आमच्या बोअरचं फ्लोराइड मर्यादेत आहे, तेव्हा हा नुसता पोरकटपणा. किराणा दुकानातून तुरटी आणली, पानठेल्यावरून चुना. वीस लिटरची बादली भरली, चुना कालवला, तुरटीचं पाणी ओतलं आणि लाकडी डावाने आधी जोरात, मग हळू अशी दहा मिनिटं ढवळली. थोड्या वेळाने पाण्यात बर्फ भुरभुरावं तसे पुंजके दिसायला लागले, तासाभरात खाली उतरले. वरचं पाणी आरशासारखं. तळाशी ओंजळभर पांढरा चिखल. खऱ्या फ्लोराइडवाल्या गावात हाच चिखल डोकेदुखी असतो. काढलेलं सगळं विष त्यात असतं, आणि लोक तो बादलीशेजारीच उपडा करतात.

आई चुलीशेजारी बसून पाहत होती. “रोज करा लागते का हे?”

“रोज.”

“दोन दिवस करशीन बाप्पा. मंग तिसऱ्या दिवशी कोन करन?”

नलगोंडा पद्धतीवर पुढच्या पन्नास वर्षांत जी टीका झाली ती बहुतेक या एका वाक्यात मावते. पद्धत सोपी, स्वस्त, विजेशिवाय चालणारी. पण रोज मोजून टाकायचं, रोज ढवळायचं, आणि ते घरातल्या बाईनेच. मात्रा कमी पडली तर फ्लोराइड उरतं, जास्त झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम आणि सल्फेट चढतात आणि पाणी तुरट लागतं. तरीही ती टांझानियापर्यंत पोचली. तिथल्या एन्गुर्डोटो केंद्राने दोन बादल्यांचा संच करून ती घराघरांत नेली. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी विलायती यंत्राच्या मागे न लागता किराणा दुकानाकडे पाहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. खुद्द नलगोंड्याला मात्र दिलासा मिळाला तो कृष्णेचं पाणी नळाने गावोगाव गेलं तेव्हा.

आईने त्या निवळलेल्या पाण्याचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं पाणी भांडी विसळायला नेलं. बादली न्हाणीघरात परत गेली. तुरटीचा खडा बाबांनी उचलला. दाढीनंतर गालावर फिरवायला त्यांना बरेच दिवस पुरला.